प्रोपगंडा आला कुठून? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इलेक्शन जवळ आलं की आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन दिवसांनी कोणीतरी "हा सगळा प्रोपगंडा आहे" असं सुनावतं, मग समोरचा म्हणतो आमचा तो प्रोपगंडा आणि तुमची ती माहिती का, मग मावशी गुड मॉर्निंगचं फूल टाकते आणि विषय तिथेच मिटतो. मला इतिहासाची खाज आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे नंतर पर्सनलवर प्रश्न येतात. तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतचं आहे, त्याच्या पुढचं सगळ्यांना बऱ्यापैकी ठाऊक असतं.

हा शब्द मुळात कुठला?

चर्चचा. आणि त्याच्याही आधी द्राक्षाच्या मळ्यातला.

आमची आजी मोगऱ्याची फांदी झाडावरून न तोडता खाली वाकवायची, मधला भाग मातीत दाबायची आणि वर एक दगड ठेवायची. महिना-दीड महिन्याने तिथे मुळं फुटली की मग आईझाडापासून कापून कुंडीत लावायची. दाबकलम म्हणतात त्याला. रोमन शेतकरी द्राक्षाच्या वेलाचं हेच करायचे आणि त्याला लॅटिनमध्ये जे क्रियापद आहे त्यातूनच पुढे प्रोपगंडा आला. म्हणजे शब्दशः, "ज्याची कलमं करून पसरवायची आहे ते".

१६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी रोममध्ये कार्डिनलांचं (पोपच्या खालचे सगळ्यात मोठे धर्माधिकारी) एक मंडळ नेमलं, त्याच्या लांबलचक लॅटिन नावाचा अर्थ "श्रद्धेच्या प्रसारासाठीचं पवित्र मंडळ". एवढं मोठं नाव कोण घेत बसणार, लोक नुसतं "प्रोपगंडा" म्हणायला लागले. मंडळाचा पहिला सेक्रेटरी फ्रान्चेस्को इंगोली हा भारी माणूस होता, जगभरच्या मिशनऱ्यांकडून रिपोर्ट मागवायचा, फाइल करून ठेवायचा. १६२६ मध्ये मंडळाने स्वतःचा छापखाना काढला, वेगवेगळ्या लिप्यांचे खिळे असलेला, आणि पुढच्याच वर्षी परदेशी मुलांना शिकवायला कॉलेज. हेड ऑफिस, प्रेस, ट्रेनिंग, फील्ड रिपोर्ट. आजच्या कुठल्याही प्रचार यंत्रणेत याहून वेगळं काय असतं सांगा.

म्हणजे तेव्हा ही शिवी नव्हती?

नव्हती. प्रॉटेस्टंट देशांत रोमच्या कुठल्याही गोष्टीकडे संशयाने बघायचे तेवढं सोडा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर शब्द चर्चमधून राजकारणात आला आणि त्याला खरा वास लागला तो पहिल्या महायुद्धानंतर. मराठीत आपल्याकडे साध्या गोष्टीला "प्रचार" आणि वाईटाला "अपप्रचार" अशी सोय आहे, तरी भांडताना प्रोपगंडाच तोंडात येतो, कारण तो जास्त झोंबतो.

याचा आपल्याकडे काही संबंध?

आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. पूर्वेकडच्या मिशनचे हक्क पोपनी आधीच पोर्तुगालच्या राजाला देऊन ठेवले होते, त्याला पद्रोआदो म्हणतात. आता रोमने स्वतःचं मंडळ काढल्यावर पोर्तुगीजांचा तिळपापड होणारच. भांडणाच्या मधोमध सापडला गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा एक माणूस, मातेउश द कास्त्रो. ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेल्या घरातला. गोव्यात त्याला पाद्री करून घेईनात म्हणून तो थेट रोमला गेला, तिथे प्रोपगंडावाल्यांनी त्याला शिकवलं, पाद्री केलं आणि १६३७ मध्ये चक्क बिशप. परत आल्यावर गोव्यातले पोर्तुगीज त्याला बिशप मानायलाच तयार नाहीत, मग तो आदिलशाही हद्दीत डिचोलीला जाऊन राहिला आणि तिथून पोर्तुगीजांच्या विरोधात लिहीत राहिला.

मुंबईत तर प्रकरण पार विसाव्या शतकापर्यंत गेलं. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना बाहेर काढून प्रोपगंडाचे कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले, पोर्तुगीज बाजू काही गप्प बसली नाही, शेवटी १७९४ मध्ये चर्च वाटून घेतली आणि एका शहरात दोन धर्मप्रमुख बसले. कोण पद्रोआदोचा आणि कोण प्रोपगंडाचा असे कॅथलिकांमध्ये सरळ दोन गट. ते दुहेरी प्रकरण १९२८ ला मिटलं. तोपर्यंत मुंबईत "मी प्रोपगंडाचा" असं कोणी म्हटलं तर त्याला फक्त चर्च कुठलं ते सांगायचं असायचं.

आणि त्या रोमच्या छापखान्यात १७७१ मध्ये देवनागरीचे खिळे वापरून पुस्तक छापलं गेलं, १७७८ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं गेलं, पोर्तुगीज भाषेत. त्याच्या नावातच म्हटलंय की निजामशाही आणि आदिलशाही मुलखात सर्रास चालणारी मराठी. गंमत म्हणजे तोवर निजामशाही बुडून जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती आणि आदिलशाही बुडून नव्वदेक. पुण्यात पेशवाई चालू होती, पण रोमला कोण कळवणार. इंगोली असता तर रिपोर्ट मागवला असता.

शब्द १६२२ चा, पण गोष्ट तर जुनी असेल ना?

खूपच. फक्त "जगातला पहिला प्रोपगंडा कोणता" हे विचारू नका, ज्या दिवशी पहिला राजा झाला त्याच दिवशी त्याचा भाट पण झाला असणार. ठळक उदाहरण हवं तर इ.स.पू. १२७४ च्या सुमाराची कादेशची लढाई. इजिप्तचा दुसरा रामसेस विरुद्ध आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांचा राजा मुवातल्ली. रामसेस सापळ्यात अडकला, कसाबसा निसटला, कादेश शहर काही त्याच्या हाती आलं नाही. घरी आल्यावर त्याने काय केलं, तर कर्नाक, लक्सर, अबू सिंबेल, जिथे भिंत मिळेल तिथे "मी एकट्याने हजारो शत्रू कापले" असं कोरून घेतलं, चित्रांसकट. पुढे पंधराएक वर्षांनी रामसेस आणि मुवातल्लीनंतरचा हित्ती राजा हत्तुसिली यांच्यात तह झाला आणि तहाची हित्तींकडची प्रत सापडली, त्यात दोन्ही बाजू बरोबरीच्या. भिंतीवरचं वाचणारे आपले लोक, तह वाचणारे परके. प्रेक्षक बदलला की मजकूर बदलतो, हे इथून पुढे प्रत्येक उत्तरात येणार आहे.

डोंगरावर कोणाला वाचताही येणार नाही इतक्या उंच कोरून काय फायदा?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. विचारणारा बहुतेक बेहिस्तूनबद्दल विचारतो. इराणमध्ये करमानशाहजवळ जुन्या हमरस्त्यावर उभा कडा आहे, तिथे इ.स.पू. ५२० च्या आसपास दारयवहू म्हणजे पहिल्या दरायसने जमिनीपासून कितीतरी उंचावर चित्र आणि तीन भाषांत मजकूर कोरून घेतला. एलामी, बाबिलोनी आणि जुनी पर्शियन.

भानगड अशी की याचं गादीवर येणंच संशयास्पद होतं. त्याचं म्हणणं, गादीवर बसलेला बर्दिया हा खरा राजपुत्र नव्हताच, गौमात नावाचा तोतया होता, त्याला मी मारलं. तोतया होता की खराच राजपुत्र होता यावर इतिहासकार अजून भांडतात. बहुतेक माहिती मारणाऱ्याच्याच तोंडची, मग भांडतील नाही तर काय. साम्राज्यभर बंड झालं, त्याने एकोणीस लढायांत नऊ राजांना पकडल्याचं लिहिलंय आणि प्रत्येक बंडखोराबद्दल एकच वाक्य फिरून फिरून येतं, हा खोटं बोलला, म्हणाला मी अमुक आहे. सगळा लेखच "ते खोटारडे, मी खरा" या एका तालावर आहे.

चित्रात राजा मोठा, पायाखाली गौमात, समोर हात मागे बांधलेले आणि गळ्यात दोरी घातलेले नऊ जण. शेवटचा उंच टोकदार टोपीवाला शक, त्याचं नाव स्कुंख. हा नंतर पकडला गेला, पण त्याला कोरायला जागाच उरली नव्हती, म्हणून आधीच कोरलेल्या एलामी मजकुराचा काही भाग छिनला, त्याला तिथे बसवला आणि तो मजकूर दुसरीकडे नव्याने कोरला. अपडेट टाकायला दगड फोडला म्हणजे बघा.

आता वाचणार कोण? खालून अक्षर दिसत नाही. पण दारयवहूने मजकुराच्या नकला साम्राज्यभर पाठवल्या. बाबिलोनमध्ये एक दगडी प्रत सापडली, आणि इजिप्तमध्ये एलेफंटाइन बेटावर अरामी भाषेतली प्रत सापडली कागदावर, म्हणजे पपायरसवर, ती तर लेख कोरल्यानंतर शंभर वर्षांनी उतरवलेली. कडा हा देखावा, काम केलं ते नकलांनी. आणि लेखाच्या शेवटी शेवटी काय आहे माहितीये? हा वृत्तांत लोकांना सांगशील तर अहुरमज्द (दारयवहूचा देव) तुझा मित्र होवो, तुझा वंश वाढो, दीर्घायुषी हो, आणि लपवून ठेवशील तर तुझा निर्वंश होवो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच मोठ्याने हसलो, "हा मेसेज अकरा जणांना पाठवा नाहीतर" हा प्रकार अडीच हजार वर्षांचा आहे.

(पुढे एकोणिसाव्या शतकात तो लेख कड्याला शिड्या लावून जीव धोक्यात घालून उतरवून घेतला तो हेन्री रॉलिन्सन, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. कनेक्शन काढायचंच तर इथेही निघतं.)

अशोकाचे शिलालेख पण प्रोपगंडाच म्हणायचे का?

या प्रश्नावर लोक चिडतात, म्हणून शांतपणे वाचा. तेराव्या शिलालेखात अशोक सांगतो की कलिंगात एक लाख माणसं मेली, दीड लाख पकडून नेली आणि मला पश्चात्ताप झाला. राजाने असं दगडावर कबूल करणं दुर्मिळच आहे, त्यात शंकाच नाही. पण हा लेख कुठे आहे ते बघा. गिरनारला आहे, वायव्येला शाहबाझगढीला आहे. जिथे माणसं मेली त्या कलिंगात, धौली आणि जौगडला, तो नाही. तिथे अकरा ते तेरा हे लेख वगळून दोन वेगळेच लेख आहेत, त्यात "सगळी माणसं माझी लेकरं आहेत" वगैरे आणि अधिकाऱ्यांना नीट वागायच्या सूचना. वर ठरावीक नक्षत्राच्या दिवशी हे लोकांना वाचून दाखवा अशी तारीखवार सोय. आणि तेराव्याच लेखात जंगलातल्या लोकांना सौम्य शब्दांत दम पण आहे, की पश्चात्ताप झाला असला तरी माझ्यात ताकद आहे.

आता यात खोटं काय आहे? एक शब्द नाही. मला तर वाटतं पश्चात्तापही खरा असावा. पण कुठला मजकूर कोणासमोर ठेवायचा आणि कोणासमोर नाही याचा हिशोब कोणीतरी पाटलीपुत्रात बसून केला होता. म्हणून कोणी "सगळं खरं आहे, मग प्रोपगंडा कसा" म्हणालं की मी धौली दाखवतो. सगळं खरं असूनही होतो, आणि बऱ्याचदा तोच जास्त चांगला होतो.

महाराष्ट्रातलं जुनं उदाहरण सांगा ना.

नाशिक. पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, मुलगा म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला. आईने लिहिलंय म्हटल्यावर कौतुक असणारच: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने क्षहरातांचा निर्वंश केला. क्षहरात म्हणजे त्याचा शत्रू राजा नहपान याचं घराणं, आणि त्याच डोंगरात थोडं पुढे त्याच नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे दोन्ही पार्ट्यांचे बोर्ड एकाच नाक्यावर.

पण खरी कमाल नाण्यांची. १९०६ मध्ये नाशिकजवळ गोदाकाठी जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला, एका बाजूला चैत्याची खूण (एकावर एक रचलेल्या कमानींची टेकडी), दुसरीकडे उज्जैनी चिन्ह (क्रॉसच्या चार टोकांना गोल). वितळवून नवी पाडता आली असती की. नाही, त्याच नाण्यावर दणका. फोटो झूम करून बघाल तर चैत्याच्या कमानींच्या फटीतून नहपानाचं नाक आणि कपाळ अजून डोकावतं. आता हे मुद्दाम की टाकसाळीची घाई हा प्रश्न आहेच, पण विचार करा, बाजारात तुमच्या हातात ते नाणं पडलं आणि जुन्या राजाच्या तोंडावर नव्याचा शिक्का. लेख लेण्यात चढून जाणारा वाचणार, नाणं भाजीवालीच्या कनवटीला जाणार.

चाणक्याने यावर काही लिहिलंय का?

व्हॉट्सॲपवर फिरतं त्यातलं बहुतेक त्याचं नाही. पण अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात शत्रूचा किल्ला घेण्याआधी काय करायचं त्यात पहिलंच हे आहे, आपल्या लोकांचा हुरूप वाढवा, त्यांच्या लोकांत घबराट पसरवा, आणि त्यासाठी राजा सर्वज्ञ आहे, देव त्याच्याशी बोलतात अशी हवा करा. कशी? गुप्तहेरांनी गुपितं आणून द्यायची आणि राजाने ती अंतर्ज्ञानाने कळल्यासारखी जाहीर करायची. भुयारातून मूर्तीच्या आत शिरलेल्या हेराने देव बनून राजाशी बोलायचं. काय डोकं आहे बाबा.

रोमन लोकांचं काय?

त्यांच्यावर ढीगभर मिळेल, म्हणून थोडक्यात. ऑक्टेवियनने, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसने, इ.स.पू. ३२ मध्ये सत्तेतला प्रतिस्पर्धी अँटनी याचं मृत्युपत्र ताब्यात घेऊन सिनेटमध्ये वाचून दाखवलं, त्यात म्हणे मला अलेक्झांड्रियात क्लिओपात्राजवळ पुरा असं होतं. झालं, अँटनी परका ठरला. युद्ध पुकारलं ते पण अँटनीविरुद्ध नाही, क्लिओपात्राविरुद्ध, कारण रोमन विरुद्ध रोमन म्हटलं की लोक बिथरले असते. त्याआधी पेरुजियाच्या वेढ्यात दोन्ही बाजूंनी गोफणीच्या शिशाच्या गोळ्यांवर एकमेकांना शिव्या ओतून फेकल्या होत्या. त्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

छापखान्याने नेमकं काय बदललं?

नकला स्वस्त झाल्या. दारयवहूला साम्राज्याची यंत्रणा लागली, पोपविरुद्ध उभा राहिलेला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर, त्याला एक छापखाना आणि लुकास क्रानाख नावाचा चित्रकार मित्र पुरला. वाचता फार थोड्यांना यायचं म्हणून चित्रं. १५२१ मध्ये विटेनबर्गला एक चोपडं निघालं, त्यात लाकडी ठशांच्या चित्रांच्या तेरा जोड्या: डावीकडे ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतोय, उजवीकडे पोप लोकांकडून पायाचं चुंबन घेतोय. बस. समजवायला अक्षर लागतच नाही. "आधी आणि नंतर" टाइपच्या सगळ्या मीमची ही पणजी.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ल्यूथरचा जर्मन नवा करार आला, त्यात बाबिलोनच्या वेश्येच्या (बायबलमधलं पापाचं प्रतीक) डोक्यावर क्रानाखने पोपचा तीन मजली मुकुट घातला. बोंबाबोंब झाली. डिसेंबरच्या आवृत्तीत तोच लाकडी ठसा, पण वरचे मजले तासून टाकलेले, साधा मुकुट शिल्लक. पण सप्टेंबरच्या प्रती तर घरोघरी गेल्या होत्या ना. पोस्ट डिलीट केली, स्क्रीनशॉट राहिले.

आणि अशाच सगळ्या प्रकाराला शंभर वर्षांनी रोमने दिलेलं उत्तर म्हणजे ते वरचं १६२२ चं मंडळ, ज्याच्यावरून शब्द आला.

एका चित्राने खरंच फरक पडतो का?

बोस्टन, ५ मार्च १७७०, अमेरिका अजून ब्रिटिशांच्या ताब्यात. रात्रीची वेळ, बर्फ, जमाव ब्रिटिश शिपायांवर बर्फाचे गोळे आणि काठ्या फेकतोय, गोंधळात गोळ्या सुटल्या, पाच जण मेले. पॉल रिव्हिअर नावाच्या तिथल्या कारागिराने काही आठवड्यांत रंगीत चित्र विकायला काढलं. त्यात शिपाई ओळीत उभे राहून ऑर्डरवर गोळ्या झाडतायत, वर आकाश निळं, आणि मागच्या कस्टम हाउसवर पाटी "कसाईखाना". मूळ चित्र हेन्री पेलम नावाच्या दुसऱ्याच तरुणाचं, रिव्हिअरने ते ढापलं, पेलमने त्याला चिडून पत्र लिहिलं की भर रस्त्यात मला लुटलंस. कोर्टात कॅप्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा सुटले. कोर्टाचा निकाल आज किती जणांना आठवतो, आणि चित्र तर अमेरिकेतल्या शाळेच्या पुस्तकात आहे.

नेपोलियन?

आल्प्स ओलांडताना उधळलेला पांढरा घोडा आणि लाल झगा, ते चित्रकार दावीदचं चित्र. प्रत्यक्षात खेचरावर बसून गेला, वाटाड्या पुढे. त्याच्या युद्धवार्तापत्रांवरून फ्रेंचमध्ये म्हणच पडली, "बुलेटिनसारखा खोटारडा".

मग पहिल्या महायुद्धात नवीन काय झालं?

सरकारी खातं झालं, आणि तेही गुपचूप. ब्रिटनने युद्ध पुकारल्यावर दुसऱ्याच दिवशी, ५ ऑगस्ट १९१४ ला, जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा कापल्या, म्हणजे अमेरिकेला बातमी जाणार ती लंडनवरून. मग वेलिंग्टन हाउस नावाच्या इमारतीत चार्ल्स मास्टरमनच्या हाताखाली ऑफिस उघडलं, २ सप्टेंबरला मोठमोठ्या लेखकांना बोलावलं, कॉनन डॉइल, वेल्स, हार्डी वगैरे. पुस्तकं नेहमीच्या प्रकाशकांच्या नावाने निघायची, वाचणाऱ्याला सरकारचा वासही नाही. अमेरिकेने १९१७ मध्ये जॉर्ज क्रीलच्या हाताखाली सरकारी प्रचार कमिटी काढली, त्यांच्याकडे ७५,००० च्या आसपास वक्ते होते, जे सिनेमाची रिळं बदलतात त्या चार मिनिटांत उभे राहून भाषण ठोकायचे.

याच काळात, १९१७ मध्ये, बातमी फिरली की जर्मन लोक सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून चरबी काढतात. जर्मन बातमीत शब्द होता "काडावर", तो जर्मनमध्ये जनावराच्या मढ्यासाठी वापरतात. १९२५ मध्ये ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये मान्य केलं की त्यात तथ्य नव्हतं. याची किंमत पुढे फार भलत्या लोकांनी मोजली, दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांच्या खऱ्या बातम्या आल्या तेव्हा "गेल्या वेळीही असंच सांगितलं होतं" म्हणणारे खूप निघाले.

"खोटं शंभरदा सांगितलं की खरं होतं" हे गोबेल्सचंच ना?

मराठीत "गोबेल्स तंत्र" इतकं रुजलंय की कोणाला सांगितलं तर पटत नाही, पण गोबेल्सने, म्हणजे हिटलरच्या प्रचारमंत्र्याने, असं म्हटल्याचा पुरावा नाही. मोठ्या खोट्याची भाषा हिटलरच्या पुस्तकात आहे, आणि तीही ज्यूंवर आरोप म्हणून. गोबेल्सने १९४१ मध्ये लेख लिहिला त्यात हा आरोप इंग्रजांवर केला. म्हणजे दोघंही "ते खोटारडे, मी खरा" हेच सांगत होते, पुन्हा बेहिस्तून. त्याच्या नावावरचं हे वाक्य मात्र आपण इतकी वर्षं न तपासता पुढे ढकलतोय.

यातलं काही जवळपास जाऊन बघता येईल का?

येईल की. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या लेखाचा तुकडा मिळाला होता, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा लेख बघायला मिळतो. पांडवलेण्याला सकाळी लवकर जा, पायऱ्या दमवतात आणि नंतर ऊन असतं. बलश्रीचा लेख व्हरांड्यात मागच्या भिंतीवर दाराच्या वर आहे, मान वर करून बघावा लागतो, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात. तिथून अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिचं नाण्यांचं संग्रहालय आहे. ठसा मारलेलं नाणं कुठेही दिसलं तर आधी चैत्य शोधू नका, नाक शोधा.